'यात काय अवघड आहे?' असं वाटतं, तिथेच थांबा

प्रयोगशाळेतले सूक्ष्म तराजू विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या कंपनीत मी तक्रारींचं काम बघते. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाची तक्रार आली की तराजू रोज चुकीचं वजन दाखवतो. आमचा तंत्रज्ञ दोनदा जाऊन आला. दोन्ही वेळा तराजू ठणठणीत. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा माणूस चांगलाच तापला होता. मी त्याला मनसोक्त बोलू दिलं आणि मग विचारलं, "चूक दिवसभर येते का हो?"

"नाही, सकाळीच."

"साधारण किती वाजेपर्यंत?"

"दहा-साडेदहा."

"रात्री तराजू बंद करून जाता?"

"हो, गेल्या महिन्यापासून मेन स्विचच बंद करतो."

उलगडा झाला. असे तराजू सुरू केल्यावर आतून तापून स्थिरावायला वेळ घेतात, काहींना तासाहून जास्त लागतो. आमचा तंत्रज्ञ दोन्ही वेळा अकरानंतर पोचला होता.

फोन ठेवला तर शेजारची सहकारी माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "ताई, तुम्हाला हे सुचतं कसं?" मी म्हटलं, "यात सुचायचंय काय? मी विचारलं, त्यांनी सांगितलं."

त्या वर्षी मी संध्याकाळी सभेत बोलण्याचा सराव करत होते. पुढे जाणारी माणसं सफाईने बोलतात असं मला दिसत होतं, म्हणून तेच आपल्यात आणायचं असं मी ठरवलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मला तेव्हा लागू होती, पण कळायला आणखी दोन वर्षं गेली. जे आपल्याला सहज जमतं ते आपल्याला गुण वाटतच नाही. त्यासाठी घाम गाळलेला नसतो, म्हणून त्याची किंमत कळत नाही. त्यामुळे आपला उपजत गुण शोधायचा तर नुसतं मनात डोकावून भागत नाही, पुरावे गोळा करावे लागतात. मी ते कसे केले ते सांगते.

सुरुवात एका वहीपासून करा. सलग पंधरा दिवस मोबाइलवर दिवसातून चार गजर लावा, वेळा रोज बदला. गजर झाला की तीनच गोष्टी लिहायच्या: आत्ता काय करतोय, मन त्यात आहे की घड्याळाकडे, आणि अंगात जोर आहे की गळून गेल्यासारखं वाटतंय. मिहाय चिकसेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने ही रीत संशोधनासाठी वापरली होती. लोकांना पेजर द्यायचे, तो दिवसातून अधूनमधून वाजवायचा, आणि त्या क्षणाची नोंद त्यांच्याकडून करून घ्यायची. माणूस कामात कधी आणि कसा बुडून जातो याचा अभ्यास त्याने अशा नोंदींतून केला. रात्री बसून दिवस आठवू नका. रात्री आपल्याला आठवतं ते बहुतेक दिवसातलं सगळ्यात मोठं भांडण किंवा सगळ्यात मोठं कौतुक, आणि मधले सहा तास हरवतात. आपल्याला नेमके तेच तास हवेत.

माझ्या वहीत एक गोष्ट अशी निघाली की मी चकित झाले. महिन्याचा अहवाल मी उत्तम करते, वरिष्ठ त्याची तारीफ करतात. पण अहवालाच्या दिवसांपुढे प्रत्येक वेळी 'थकवा' लिहिलेलं होतं. उलट चिडलेल्या ग्राहकाशी चाळीस मिनिटं बोलल्यानंतरच्या नोंदीत लिहिलं होतं, 'जेवायचं विसरले.' चांगलं जमणं आणि आपला पिंड असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अहवाल मी शिकून कमावला होता. तो करू शकते, पण त्यातच दिवस घालवले तर वर्षभरात मी कोमेजून जाईन. म्हणून तुमच्या यादीतल्या 'मला चांगलं येतं' या प्रत्येक गोष्टीपुढे ती केल्यानंतर अंगात जोर उरतो की नाही, हे लिहा. उरत नसेल तर ते कौशल्य म्हणून ठेवा, त्यावर आयुष्य बेतू नका.

याच वहीच्या मागच्या पानावर आणखी एक नोंद ठेवा, ती मला सगळ्यात उपयोगी पडली. दुसऱ्याचं काम बघून 'एवढं साधं कसं कळत नाही याला?' असं मनात आलं की ते काम लिहून ठेवा. ही चिडचिड त्या माणसाविषयी फारसं सांगत नाही, तुमच्याविषयी मात्र खूप सांगते. माझ्या पानावर पाचपैकी चार नोंदी सारख्या होत्या: 'ग्राहकाचं पूर्ण ऐकलंच नाही', 'आधी विचारायचं सोडून उत्तर दिलं'. एखाद्याच्या पानावर 'एवढा पसारा ठेवून हे काम कसं करतात' असं येईल, एखाद्याच्या 'चूक समोर दिसत असून बोलत का नाहीत' असं. जिथे तुमचा धीर सुटतो तिथे बहुतेक वेळा तुमचा हात सहज चालत असतो.

आता माणसांकडे जा. इथे बहुतेक जण चुकतात, मीही चुकले होते. 'माझ्यात कोणते गुण आहेत ते सांग' असं विचारलं की समोरचा अवघडतो आणि 'तू मेहनती आहेस, प्रामाणिक आहेस' असं म्हणून मोकळा होतो. त्यातून हाती काही लागत नाही. त्याऐवजी प्रसंग मागा: 'मी तुला खरंच उपयोगी पडले असा एखादा प्रसंग सांगशील का? मी नेमकं काय केलं होतं?' मिशिगन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी तयार केलेल्या एका पद्धतीतही ओळखीच्या लोकांकडून असेच प्रसंग मागवतात आणि त्यातलं समान सूत्र शोधतात. मी सात जणांना विचारलं: दोन सहकारी, एक जुने वरिष्ठ, बहीण, दोन मैत्रिणी, आणि आमचा एक तंत्रज्ञ. शक्यतो लेखी मागा. माणूस लिहिताना तपशील देतो.

उत्तरं आली की विशेषणं खोडा आणि क्रियापदांखाली रेघ मारा. माझ्याकडे 'विचारलंस', 'ऐकून घेतलंस', 'शेवटी कळलं' हे शब्द सातपैकी पाच जणांकडून आले. बहिणीने तर मी विसरलेला प्रसंग लिहिला होता. तिला नोकरी सोडायची होती, मी सल्ला काहीच दिला नाही, फक्त दोन तास प्रश्न विचारत राहिले, आणि तिला नोकरी नव्हे तर विभाग बदलायचा होता हे तिचं तिलाच उमगलं.

लोकांचं सगळंच खरं मानायचं का? नाही. सिमिन वझीर या संशोधिकेने 2010 मध्ये याची छान विभागणी मांडली. चिंता, अस्वस्थता यांसारख्या आतल्या गोष्टी आपल्या आपल्याला जास्त नीट कळतात, पण बुद्धी किंवा कल्पकता यांसारख्या, ज्यांचं माप चांगलं-वाईट असं लागतं अशा बाबतीत जवळच्या माणसांचा अंदाज आपल्यापेक्षा बरोबर ठरण्याची शक्यता जास्त असते. म्हणून मी असा नियम केला: जोर उरतो का, हे मी ठरवणार, काम चांगलं होतं का, हे इतर ठरवणार. दोन्ही यादीत आलेली गोष्ट पक्की धरायची.

तयार चाचण्यांबद्दल थोडक्यात. पीटरसन आणि सेलिगमन या मानसशास्त्रज्ञांनी 2004 मध्ये मांडलेली 24 गुणांची यादी आहे, डोनाल्ड क्लिफ्टन या मानसशास्त्रज्ञाच्या कामातून आलेली 34 सूत्रांची चाचणी आहे. शब्द सापडत नसतील तर जरूर करा, पण शेवटी तुम्हीच तुमच्याविषयी दिलेली उत्तरं तुम्हाला परत मिळतात हे लक्षात असू द्या. वहीला त्या पर्याय नाहीत.

आणखी एक काम आहे, त्याला वेळ लागतो, म्हणून लोक टाळतात. पीटर ड्रकर हे व्यवस्थापनाचे जाणकार याचा आग्रह धरत. मोठा निर्णय घेताना किंवा मोठं काम हाती घेताना, यातून काय घडेल असं वाटतं ते लिहून ठेवायचं आणि नऊ ते बारा महिन्यांनी प्रत्यक्षाशी ताडून बघायचं. मी लिहिलं होतं: 'नव्या मुलांना शिकवणं मला जमणार नाही. वार्षिक करारांची बोलणी नीट पार पाडेन.' दहा महिन्यांनी पाकीट उघडलं. मुलं सहा आठवड्यांत स्वतः फोन घेत होती. करारांत मात्र मी तीन ठिकाणी गरजेपेक्षा जास्त सवलत देऊन बसले होते, कारण समोरच्याची अडचण मला इतकी पटायची की माझी बाजू मांडायचं राहून जायचं. एकाच स्वभावाची ही दोन टोकं होती. तुमचा गुण सापडला की तो कुठे तुमच्याच आड येतो तेही त्याच दिवशी लिहा.

गुण सापडला म्हणजे काम संपलं असंही नाही. उपजत म्हणजे आयतं नव्हे. प्रश्न विचारणं मला सहज येतं, पण कोणता प्रश्न आधी विचारायचा हे मी जुन्या दोनशे तक्रारींच्या फाइली वाचून शिकले. गळ्यात सूर असणाऱ्यालाही रियाज चुकत नाही, आणि त्याचा रियाज इतरांपेक्षा लवकर फळाला येतो.

मग बदल करा, पण लहान. नोकरी सोडायला धावू नका. आठवड्याचे कामाचे तास मांडा आणि त्यातले किती तास तुमच्या गुणाच्या कामात जातात ते मोजा. माझे चाळीसपैकी सहा होते. मी वरिष्ठांकडे गेले तेव्हा 'मला हे आवडत नाही' असं म्हटलं नाही. म्हटलं, "दोन भेटी देऊनही न सुटलेल्या तक्रारी तीन महिने माझ्याकडे द्या. महिन्याचा अहवाल आमच्या विभागातल्या एकाला मनापासून करायचाय, त्याच्याशी बोलून झालंय. तीन महिन्यांनी किती सुटल्या ते आकडे घेऊन येते." तो सहकारी आकड्यांत रमणारा आहे, फोन वाजला की त्याच्या कपाळावर आठी पडते. ही अदलाबदल त्यालाही हवी होती.

आता माझे सव्वीस तास त्या कामात जातात. मागच्या वर्षी विभागप्रमुखपद देऊ केलं तेव्हा मी आधी त्या जागेवरच्या आठवड्याचे तास कागदावर मांडले, त्यातले माझ्या कामाचे फक्त चार निघाले. मी तो कागदच वरिष्ठांपुढे ठेवला, आणि नव्या मुलांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी मागून घेतली.