जुना ट्रॅप बीम पुन्हा उभारताना या चुका टाळा

काही दशकं जुना, जाडजूड ट्रायबँडर (हौशी रेडिओचा, तीन बँडवर चालणारा दिशादर्शी अँटेना, म्हणजेच ट्रॅप बीम) हाती आला की तो थेट टॉवरवर चढवून एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते दाखवणारा आकडा, 1 म्हणजे आदर्श) बघण्याची घाई होते. आकडा 1.5 च्या आत आला, की सगळे निश्चिंत. पण केबलमध्येच 3 डीबी लॉस (म्हणजे निम्मी पॉवर वाया) असेल, तर वरचं टोक नुसतं उघडं असलं तरी खालचा मीटर 3 च्या वर जात नाही. म्हणजे पाणी प्यालेली कोॲक्स केबल अँटेनाचे सगळे दोष झाकते. आधी टोकाला 50 ओमचा डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर शोषणारा रेझिस्टर) लावून केबलच्या दोन्ही बाजूंना पॉवर मोजा. वर निम्मीच पोचत असेल तर केबल बदला, मग अँटेनाकडे वळा.

ट्रॅप (एलिमेंटच्या, म्हणजे आडव्या नळीच्या मध्ये बसवलेला, ठराविक बँड अडवणारा कॉइल-कपॅसिटरचा भाग) खराब असल्याची एक ठरलेली खूण आहे: 10 वॉटवर सगळं ठीक, पण पॉवर वाढवली की काही सेकंदांत एसडब्ल्यूआर चढू लागतो. आत ओल, कोळ्याचं जाळं किंवा काजळी असते. ओलीमुळे कपॅसिटन्स वाढून ट्रॅपची फ्रीक्वेन्सी खाली सरकते. उघडण्याआधी प्रत्येक ट्रॅपवर जागा आणि दिशा लिहून ठेवा. रिफ्लेक्टरचा (मागच्या एलिमेंटचा) ट्रॅप डायरेक्टरवर (पुढच्या एलिमेंटवर) चालेलच असं नाही. एकाच एलिमेंटवरचे डावा-उजवा ट्रॅप डिप मीटरवर (ट्रॅपची फ्रीक्वेन्सी मोजणाऱ्या मीटरवर) जुळवून बघा. बसवताना पाण्याचं छिद्र खाली. ते वर राहिलं, की ट्रॅपची बाटली झालीच म्हणून समजा.

नळ्यांचे सांधे लोखंडी वूलने घासू नका. त्याचे कण ॲल्युमिनियममध्ये रुतून तिथूनच गंज धरतो. नायलॉनचा घासणीचा पॅड वापरा, ऑक्साइडचा पांढरा थर काढा, ॲल्युमिनियमच्या सांध्यांसाठीची पेस्ट पातळ लावा. फीडपॉइंटवर (केबल अँटेनाला जोडते तिथे) तांब्याची तार थेट ॲल्युमिनियमला टेकवू नका, मध्ये स्टेनलेस वॉशर हवा. स्टेनलेसचे नटही कोरडे आवळले तर बोल्टवरच जाम होतात.

तुटलेल्या नळीच्या जागी 'जवळपास तेवढी' नळी टाकणं ही आणखी एक चूक. व्यास बदलला की त्याच लांबीचा रेझोनन्स (नळी ज्या फ्रीक्वेन्सीला जुळते ती) सरकतो.

ट्यूनिंग शिडीवर आडवं ठेवून करू नका, जमीन आकडे बिघडवते. बूम (एलिमेंट धरणारा मधला दांडा) उभा करून रिफ्लेक्टर खाली, डायरेक्टर आकाशाकडे ठेवा आणि आधी 10 मीटरचा बँड, मग 15, शेवटी 20 हा क्रम पाळा. आतल्या नळीची लांबी बदलली की बाहेरच्या नळ्यांचे बँड (15 आणि 20) हलतातच, म्हणून उलटा क्रम धरला तर काम संपतच नाही.

रोटेटर (बीम फिरवणारं यंत्र) अडखळत सुरू होत असेल तर मोटर उघडण्याआधी कंट्रोल बॉक्समधला मोटर कपॅसिटर बदला. जुन्यात बहुतेकदा तोच सुकलेला असतो. नवा नॉन-पोलराइज्ड, एसी मोटरचाच हवा. वेज ब्रेक (पाचर घालून जागीच अडकवणारा ब्रेक) असलेल्या मॉडेलमध्ये फिरवण्याचं बटण आधी सोडा, बीम पूर्ण थांबू द्या, मगच ब्रेक लावा. फिरत्या जड बीमवर ब्रेक आदळला तर गिअरचे दात जातात.