वंडर वुमनचं बालपण नव्याने लिहायचं असेल तर

वंडर वुमनच्या लहानपणावर फॅनफिक, म्हणजे चाहत्याने स्वतः रचलेली गोष्ट, लिहायचं किंवा कॉमिक काढायचं म्हटलं की बहुतेक जण डायरेक्ट तलवारी, घोडे आणि ढालींपासून सुरू करतात. मीही तेच केलेलं. सहा पानं नुसतं ट्रेनिंग, आणि ते भाचीला वाचून दाखवलं तर तिने एवढंच विचारलं, मावशी, पण तिच्यासोबत खेळायला कोण होतं गं? त्या प्रश्नावर मी सगळं पुन्हा लिहिलं. कारण बऱ्याचशा व्हर्जनमध्ये डायना, म्हणजे वंडर वुमन, ही अॅमेझॉन नावाच्या योद्ध्या बायकांच्या बेटावरची एकुलती एक लहान मुलगी आहे, बाकी सगळ्या शेकडो वर्षं जगलेल्या, युद्धं बघून आलेल्या, कधीच म्हाताऱ्या न होणाऱ्या बायका. तिचा पहिला दात पडला असेल तेव्हा अख्खी वस्ती काळजीत पडली असेल, कारण मूल वाढतं कसं हे त्यांच्यातल्या निम्म्या जणी विसरलेल्या. तुमची गोष्ट इथून सुरू करा.

आधी जन्म कुठला धरायचा ते ठरवून टाका आणि मग शेवटपर्यंत तोच ठेवा. हे कॅरेक्टर 1941 साली विल्यम मोल्टन मार्स्टन यांनी लिहिलं आणि एच. जी. पीटर यांनी काढलं, आणि सुरुवातीच्या कथेत अॅमेझॉनची राणी हिप्पोलिटा मातीची मुलगी घडवते आणि अॅफ्रोडाइटी देवी तिच्यात जीव ओतते. 1987 साली जॉर्ज पेरेझ यांनी नवी सुरुवात केली तेव्हा अॅमेझॉन म्हणजे पुरुषांच्या हिंसेत मेलेल्या बायकांचे आत्मे, पुन्हा शरीर मिळालेले, असं झालं. आणि 2011 नंतरच्या कॉमिक्समध्ये मातीची गोष्ट खोटी निघते, ती ग्रीक देवांचा राजा झ्यूस याची मुलगी असते. तिन्हीत मुलीला पडणारा प्रश्न वेगळा आहे. मातीची असेल तर ती पावसात उभी राहून बघेल की आपण विरघळतो का. झ्यूसची असेल तर घरात सगळ्यांना माहीत असलेलं काहीतरी फक्त तिलाच माहीत नाही. मला स्वतःला माती जास्त जवळची वाटते. लिहिण्याआधी थोडी शाडूची माती आणून एक लहान हात करून बघा, बोटं आधी सुकतात, मनगटाशी चीर जाते, मग परत पाणी लावून बुजवावं लागतं, हे हाताला कळलं की हिप्पोलिटाचा तो सीन आपोआप खरा होतो.

मग गाव. कॉमिक्समध्ये ते बेट आहे, आधी नाव पॅराडाइज आयलंड होतं, थेमिस्किरा हे नाव पेरेझ यांच्या वेळेपासून रुळलं. पण ग्रीकांच्या पुराणातली थेमिस्किरा बेटावर नाही, ती काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर, थर्मोडॉन नदीच्या मुखाशी. आज ती नदी टर्कीत सामसुनजवळ टेर्मे नावाने वाहते. हा पावसाचा, हिरव्या डोंगरांचा, हेझलनटच्या बागांचा भाग आहे, म्हणून प्रत्येक वेळी पांढरे संगमरवरी खांब आणि निळं आकाश काढायलाच पाहिजे असं नाही, धुकं काढा, चिखल काढा, ओल्या घोड्यांचा वास येऊ द्या. अपोलोनियस नावाच्या ग्रीक कवीने तर सांगून ठेवलंय की अॅमेझॉन एका शहरात राहत नव्हत्या, त्यांच्या तीन वेगवेगळ्या टोळ्या होत्या. हे फार कामाचं आहे, कारण तीन टोळ्या म्हणजे तीन प्रकारच्या मावश्या, तिघींचं आपापसात पटत नाही, आणि लाडकी पोर एकच.

कपड्यांसाठी जुन्या ग्रीक भांड्यांवरची चित्रं बघा. त्यात अॅमेझॉन नक्षीदार पॅन्ट घालतात, हातात धनुष्य नाहीतर कुऱ्हाड असते, ढाल चंद्रकोरीसारखी. एक स्तन कापून टाकायच्या ही गोष्ट सर्रास सांगतात, पण त्या चित्रांमध्ये तसं दिसत नाही, त्यामुळे ती बिनधास्त सोडून द्या. रशियात व्होरोनेझजवळ देवित्सा इथे 2019 साली सिथियन, म्हणजे गवताळ प्रदेशातल्या घोडेस्वार भटक्या लोकांच्या, काळातल्या चार स्त्रिया एकाच कबरीत सापडल्या, त्यात सगळ्यात लहान 12-13 वर्षांची आणि सगळ्यात मोठी 45-50 वर्षांची. त्या पुराणातल्या अॅमेझॉन होत्या असं म्हणता येत नाही, पण ते वाचल्यावर मी कितीतरी वेळ त्या बारा वर्षांच्या मुलीचाच विचार करत होते.

आता सीन कसे निवडायचे. लढाई एकच ठेवा आणि तीही तिच्या हातून हरलेली. बाकी सीन शिकण्याचे घ्या. हेरोडोटस या जुन्या ग्रीक इतिहासकाराने अॅमेझॉन आणि सिथियन तरुणांची गोष्ट सांगितलीये, त्यात पुरुषांना बायकांची भाषा जमत नाही पण बायका त्यांची शिकतात, थोडी चुकीची, आणि पुढच्या पिढ्याही तशीच चुकीची बोलत राहतात. मी यावरून एक सीन केला, किनाऱ्यावर वाहून आलेल्या फळकुटावर अनोळखी अक्षरं, डायना ती बोटाने गिरवते, एका वयस्क योद्धीला ती वाचता येतात पण ती सांगत नाही. जगाबद्दलची पहिली ओढ इथे येते, मूळ कथेतला तो पायलट बाहेरून बेटावर येऊन पडायच्या कितीतरी आधी.

एक सीन खोटं बोलण्याचाही हवाच. मार्स्टन हे मानसशास्त्रज्ञ होते, खोटं बोलताना रक्तदाब कसा बदलतो यावर त्यांनी काम केलेलं, आणि पुढे वंडर वुमनच्या हातात सत्य वदवणारा दोर आला. मग ही मुलगी पहिल्यांदा खोटं कोणाशी बोलली? माझ्या गोष्टीत आईशी, मैत्रीण आहे म्हणून सांगते, नाव पण सांगते, आणि हिप्पोलिटा ते खोटं ओळखूनही दुसऱ्या दिवशी जेवायला दोन ताटं मांडते.

आपल्याकडे नवनाथांच्या कथेत मच्छिंद्रनाथ अडकतात ते स्त्रीराज्य आहे, जैमिनीच्या अश्वमेधात अर्जुनाला अडवणारी प्रमिला आहे, त्यामुळे मराठी वाचकाला बायकांचं राज्य नवीन नाही. पण दोन्ही ठिकाणी कॅमेरा आत येणाऱ्या पुरुषाबरोबर आत जातो. तुम्ही लिहाल तेव्हा तो आधीपासून आतच ठेवा, मुलीच्या उंचीवर. आणि नावांची सरमिसळ करू नका, हिप्पोलिटाला हिप्पोलिटाच राहू द्या.

एक व्यवहाराची गोष्ट, वंडर वुमन हे कॅरेक्टर डीसी या कॉमिक्स कंपनीचं आहे, म्हणून फॅनफिक फुकट शेअर करा, विकू नका. विकायचंच असेल तर स्वतःची नायिका घ्या, थर्मोडॉन नदी, अॅमेझॉन राणी पेंथेसिलिया, युद्धदेव एरीसचं देऊळ हे सगळं पुराणातलं आहे, त्यावर कोणाचा हक्क नाही. लांबी पहिल्यांदा आठ-दहा पानं पुरते, आणि पहिला ड्राफ्ट दहा-बारा वर्षांच्या एखाद्या पोराला मोठ्याने वाचून दाखवा, जिथे ते मध्येच प्रश्न विचारेल तिथे पेन्सिलने खूण करून ठेवा आणि पुढचा सीन तिथूनच लिहायला घ्या.