एपानेट: सर्व जंक्शनांवर उणे दाब दिसत असल्यास

सोलापुरातील एका वसाहतीचे पाणीजाळे एपानेट या पाणीजाळ्याचे गणित करणाऱ्या संगणक प्रणालीत चालवताना प्रत्येक जंक्शनवर, म्हणजे पाइप जुळतात त्या बिंदूवर, सुमारे उणे ४४० मीटर (पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजलेला) दाब दिसत होता. पाइपांचे व्यास वाढवले, मागणी निम्मी केली. दोन दिवस गेले, फरक पडला नाही आणि मन खट्टू झाले. चूक संज्ञेत होती: रिझर्व्हॉयरच्या, म्हणजे जाळ्याला पाणी पुरवणाऱ्या स्थिर पातळीच्या स्रोताच्या, ‘टोटल हेड’मध्ये मी जमिनीपासूनची २० मीटर उंची भरली होती, तर तेथे समुद्रसपाटीपासून मोजलेली जलपृष्ठाची पातळी हवी असते. प्रथम रिझर्व्हॉयरवर दोनदा क्लिक करून तेथील जमिनीची पातळी ४६५ अधिक २०, म्हणजे ४८५ मीटर लिहिले. मग जंक्शनांची ‘एलेव्हेशन’ (पातळी) त्याच बेंचमार्कवरून, म्हणजे संदर्भ पातळीवरून, घेतल्याची खात्री केली आणि त्यानंतरच ‘रन’ दाबले. ४६० मीटरवरील जंक्शनला २३ मीटर दाब मिळाला. उरलेले २ मीटर घर्षणात गेले. टाकीसाठी मात्र ‘एलेव्हेशन’मध्ये तळाची पातळी आणि ‘इनिशियल लेव्हल’मध्ये तळापासूनची पाण्याची उंची द्यावी.