कागदी विमान नाकावर आपटतंय? या चुका टाळा

शिक्षक-प्रशिक्षणाच्या वर्षात प्रत्येकाला स्वतःच्या आवडीचा एक प्रकल्प करायचा होता. मी कागदी विमानं निवडली तेव्हा "सोपं घेतलंस की!" म्हणून बरोबरीचे हसले. तेच आता हातात विमान घेऊन येतात आणि विचारतात, "हे उडत का नाही गं?" बहुतेक वेळा विमान बघायच्या आधीच मला उत्तर माहीत असतं. चुका त्याच त्या असतात.

जोर लावणे. ही सगळ्यांची लाडकी चूक. विमान खाली आलं की पुढच्या वेळी दुप्पट ताकदीने फेकायचं. वेग दुप्पट झाला की पंखांवरची उचल, म्हणजे विमानाला वर ढकलणारा हवेचा जोर, चौपट होते, हे कुणी लक्षातच घेत नाही. रुंद पंखांचं, सावकाश तरंगणारं विमान जोरात फेकलं की ते नाक वर करून चढतं, वर गेल्यावर त्याचा वेग संपतो आणि दगडासारखं खाली येतं. मग माणूस म्हणतो, "डिझाइनच बेकार आहे." डिझाइनचा काही दोष नसतो. मी विमान खांद्याच्या उंचीवर धरते, नाक अगदी किंचित खाली ठेवते आणि हवेत अलगद ठेवून दिल्यासारखं सोडते. फेकत नाहीच म्हणा ना.

यावर विक्रमांचे दाखले दिले जातात. जॉन कॉलिन्स यांनी घडवलेलं विमान 2012 मध्ये जो अयूब यांनी 69.14 मीटर फेकलं, आणि अयूब हे अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणारे खेळाडू. म्हणजे दंडातच सगळं आलं, नाही का? नाही. विमान तो वेग झेलण्यासाठीच घडवलेलं होतं. 2022 च्या डिसेंबरात हा अंतराचा विक्रम 88.318 मीटरवर गेला. उलट ताकुओ तोदा यांचा 2010 चा विक्रम हवेत टिकण्याचा आहे: 29.2 सेकंद. अंतर आणि वेळ ही दोन वेगळी कामं आहेत. लांब जाणारं आणि बराच वेळ तरंगणारं, असं दोन्ही एकाच विमानाकडून मागू नका.

मुरड न घालणे, किंवा घातलेली मुरड मोडणे. माझ्या मते घड्या घालून झाल्या की निम्मंच काम झालेलं असतं. उरलेलं निम्मं पंखांच्या मागच्या कडेवर असतं. विमान गोता खात असेल, तर दोन्ही पंखांची मागची कड बोटांच्या चिमटीत धरून मिलिमीटरभर वर वळवायची. घडी नाही घालायची, नुसती मुरड. लाटेसारखं वरखाली करत जात असेल, तर मुरड जास्त झाली, थोडी कमी करायची. डावीकडे वळत असेल, तर उजव्या पंखाची कड किंचित वर. पण त्याआधी विमान समोर धरून एक डोळा मिटून बघा. दहातल्या आठ वेळा एक पंख पिळलेला दिसतो आणि तो सरळ केला की काम भागतं. (हा आकडा माझ्या अंदाजाचा आहे, मोजलेला नाही.)

हे शहाणपण मला एका फजितीतून आलं. निरीक्षणाचा पाठ होता. आदल्या रात्री मी बारा विमानं केली, प्रत्येक उडवून बघितलं, प्रत्येकाला हवी तेवढी मुरड घातली. सगळी मस्त उडत होती. मग माझ्या टापटिपीने घात केला. चुरगळायला नकोत म्हणून मी ती सपाट करून जाडजूड पुस्तकांखाली ठेवली.

सकाळी वर्गात पहिलं विमान हातातून सुटलं ते थेट फरशीवर. दुसरंही तसंच. तिसऱ्याला मुलं हसायला लागली, आणि मी काय केलं? जोर लावला. चौथं वर चढलं, उलटं झालं आणि निरीक्षकांच्या टेबलावर जाऊन पडलं. वर्ग डोक्यावर. मागच्या बाकावरची एक मुलगी शांतपणे उठली, पडलेलं विमान उचलून फळ्यावरच्या माझ्या आकृतीशेजारी धरलं आणि म्हणाली, "बाई, याची शेपटी सपाट झालीय. तुम्ही वर वळलेली काढलीय." रात्रभराच्या वजनाने सगळ्या मुरडी मोडल्या होत्या. उरलेल्या वेळात मुलांनीच बाराच्या बारा विमानं दुरुस्त केली आणि माझ्या टाचणात नव्हता असा एक बरा पाठ होऊन गेला. शेऱ्यात मात्र "पूर्वतयारी कमी" असंच आलं. तेव्हापासून मी विमानं बुटांच्या खोक्यात नाक खाली करून उभी नेते, आणि वर्गात पोचल्यावर एकेक उडवून बघितल्याशिवाय मुलांसमोर आणत नाही.

नाक हलकं ठेवणे. कोरा कागद आडवा धरून सोडा, गोलांट्या खात पडेल. त्याचं वजन मध्यावर असतं आणि उचल पुढच्या कडेपासून साधारण पाव अंतरावर लागते, म्हणून पुढची बाजू वर उचलली जाते. आपण नाकाशी इतक्या घड्या घालतो त्या वजन पुढे नेण्यासाठी. दोन बोटांच्या टोकांवर विमान तोलून बघा. बाणासारख्या त्रिकोणी पंखांच्या विमानाचा तोल निम्म्या लांबीच्या पुढे, नाकाच्या बाजूला, साधला पाहिजे.

इथे कागदाची क्लिप लावणारे भेटतात. 80 जीएसएमच्या (चौरस मीटरला 80 ग्रॅम भरणाऱ्या) ए-फोर कागदाचं सगळं वजनच 5 ग्रॅम. क्लिपने विमान सरळ जाईलही, पण तो वाढीव भार पंखांनाच वाहायचा आहे. शिवाय घडी कुठे चुकली ते झाकलं जातं आणि शिकणारा काहीच शिकत नाही. मला ही पळवाट आवडत नाही. चिकटपट्टीचंही तेच.

घडी बोटाने दाबून सोडून देणे. नख फिरवा, किंवा पट्टीची कड. फुगलेली घडी पुन्हा उघडते आणि पंख वाकडे होतात.

पंख खाली झुकलेले ठेवणे. समोरून बघताना विमान इंग्रजी वाय अक्षरासारखं दिसलं पाहिजे. पंख खाली झुकले की ते एका अंगावर कलंडतं. घड्या हातातून सुटल्यावर किती उघडतात ते बघून पंख थोडे जास्तच वर ठेवा.

दमट कागद. नवा घ्या. सादळलेल्या कागदाशी झगडू नये.

एकाच वेळी सगळं बदलणे. विमान पडलं की नाक दाबायचं, दोन्ही कडा वळवायच्या, वर फेकही बदलायची. मग ते उडालं तरी कशामुळे उडालं हे कळत नाही, आणि दुसरं तसंच करता येत नाही. मी विमानाला हात लावण्याआधी ते तीनदा, त्याच जागेवरून सोडते. पंखावर पेन्सिलने एकच शब्द लिहिते: गोता, हेलकावा, डावीकडे. तिन्ही वेळा तोच शब्द आला तरच काहीतरी बदलते, आणि एकच गोष्ट बदलते. मुलांना हे एकदा सांगितलं की पटतं. मोठी माणसं दुसऱ्या फेकीनंतर विमान चुरगाळून नवा कागद मागतात, आणि नव्या कागदावर तीच जुनी चूक नव्याने करतात.

आणि हो, चाचणी घेताना छताचा पंखा बंद करा. माझ्या एका सहकाऱ्याने अर्धा तास शेपटीच्या मुरडी कमीजास्त केल्या. दोष डोक्यावर गरगरत होता.