जुन्या ओम्नीत कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्शनचं इंजिन

मारुतीची कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या जुन्या यंत्राची) ओम्नी व्हॅन धूर ओकायला लागली की गॅरेजवाले सांगतात: बोअर करा, म्हणजे झिजलेले सिलिंडर कोरून घ्या, नाहीतर गाडी काढून टाका. पत्रा चांगला असेल तर मी तिसरा मार्ग सुचवेन. नंतरच्या एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या ओम्नीचं इंजिन बसवा. तेही तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचंच.

आधी कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवरच्या नोंदी कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनाशा होतील असा बदल करता येत नाही. म्हणून आरटीओची लेखी परवानगी हातात पडेपर्यंत एकही बोल्ट सैल करू नका. जिप्सीचं १.३ लिटर इंजिन टाकायचा मोह सोडाच. विमा कंपनीलाही कळवा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नुसतं इंजिन घेऊ नका. ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), अख्खं वायरिंग, सगळे सेन्सर, सायलेन्सर आणि पंपासकट पेट्रोलची टाकी एकाच गाडीची घ्या. कार्ब्युरेटरला इंजिनवरच्या पंपाचा हलका दाब पुरतो, इंजेक्टरला टाकीतल्या इलेक्ट्रिक पंपाचा जोरकस दाब लागतो. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब तपासा, तिन्ही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे हवेत. बिलावर इंजिन नंबर लिहून घ्या.

आता काम. बॅटरी सोडा, पेट्रोल, कूलंट आणि ऑइल काढा. प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून नाव लिहा, फोटो काढा. इंजिन पुढच्या सीटांखाली असल्याने ते खालून उतरवायचं. गाडी भक्कम स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका.

नवं इंजिन बाहेर आहे तोवर टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, मागचं ऑइल सील आणि क्लच प्लेट बदलून टाका. क्लच प्लेट अगदी मधोमध बसवा. माझी एकदा जरा सरकली होती, तर गिअरबॉक्स बोटभर अलीकडेच अडला आणि दोन तास गेले. बोल्ट आवळून ओढायचा तर नाहीच. जुन्या गिअरबॉक्सचा शाफ्ट घालून प्लेट मधोमध धरली आणि मग तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आवळली, तेव्हा तो अलगद आत गेला. गिअरबॉक्सचं वजन प्लेटवर लटकू देऊ नका.

वायरिंगमध्ये लोक अर्थिंग, म्हणजे गाडीच्या पत्र्याला लागणारी वायर, विसरतात. जिथे ही वायर लागते तिथला रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा.

कूलंट भरून हवा काढा. इग्निशन चालू करा, पंपाची घरघर ऐकू येऊन थांबली पाहिजे. पेट्रोलचा एकेक जोड कोरड्या फडक्याने पुसून बघा, मगच सेल्फ मारा. पंखा आपोआप सुरू होईपर्यंत गाडी जागेवरच ठेवा. मग पीयूसी काढा आणि आरटीओत तपासणी करून नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्या.