फोनवरचं इंग्रजी पकडायचं असेल तर आधी आकडे ऐका

ऐरोली-महापेच्या कॉल सेंटरमध्ये नवीन लागलेल्या मुलामुलींना बोलायला फारसं अवघड जात नाही, ऐकायला जातं. आयुष्यभर अमेरिकन सिनेमे पाहिलेले असतात आणि हाती येते ऑस्ट्रेलियाची किंवा इंग्लंडची प्रोसेस, म्हणजे तिथल्या ग्राहकांचे फोन घ्यायचं काम. समोरचा सोपं इंग्रजी बोलतो, तरी शब्द निसटतात.

त्याचं कारण बहुतेक वेळा स्वरांत असतं. प्रदेश बदलला की व्यंजनं थोडीच हलतात, स्वर मात्र जागा सोडतात, आणि तेही नियमाने. ‘एट’चा उच्चार ‘आइट’ करणारा माणूस ‘पेमेंट’लाही ‘पायमेंट’ म्हणणार आणि ‘टुडे’ला ‘टुडाय’. म्हणून एक स्वर पकडला की त्याच्यासारखे शेकडो शब्द उलगडतात. तो स्वर पकडायची सर्वांत सोपी जागा म्हणजे ग्राहकाचा खाते क्रमांक किंवा फोन नंबर. तो प्रत्येक जण सांगतो, शब्द ठरलेले असतात, आणि अंक लिहून घेता घेताच उच्चार ताडता येतो.

पहिल्यांदा ‘फोर’ ऐका. शेवटी ‘र’ स्पष्ट आला तर माणूस अमेरिका, कॅनडा, स्कॉटलंड किंवा आयर्लंडचा असण्याची शक्यता जास्त. ‘फो’ असं नुसतंच लांबलं तर इंग्लंडचा बहुतेक भाग, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. मग याच माणसाचं ‘कार्ड’ हे ‘काड’ असेल, याची तयारी ठेवा. ‘र’ जिभेने ठोकल्यासारखा कडक आला तर स्कॉटलंड.

त्यानंतर ‘एट’ आणि ‘सिक्स’. ‘आइट’कडे झुकलं तर बहुधा ऑस्ट्रेलिया. ‘सिक्स’ जर ‘सक्स’सारखं वाटलं तर न्यूझीलंड; तिथे ऱ्हस्व ‘इ’ ‘अ’कडे सरकते आणि ‘ए’ ‘इ’कडे. ‘टेन’ म्हणजे ‘टिन’, ‘चेक’ म्हणजे ‘चिक’, ‘लिमिट’ म्हणजे ‘लमट’. इथे घाई करू नका. अमेरिकेच्या दक्षिणेतही ‘पेन’ आणि ‘पिन’ सारखेच ऐकू येतात, त्यामुळे नुसत्या ‘टिन’वरून देश ठरवायचा नाही, ‘सिक्स’शी ताडून पाहायचं. दक्षिणेकडच्या अमेरिकन माणसाचं ‘नाइन’ बरेचदा ‘नान’ होतं आणि ‘टाइम’ ‘टाम’.

‘थ्री’ लंडनच्या बऱ्याच लोकांकडून ‘फ्री’ येतं, आयर्लंडकडून ‘ट्री’. लंडनकडे ‘वॉटर’मधला ‘ट’ घशात अडकून नाहीसाही होतो. उत्तर इंग्लंडला, म्हणजे मँचेस्टर-लीड्सकडे, ‘अ’ हा ‘उ’च्या जवळ जातो: ‘लंच’ ‘लुंच’सारखं, ‘बस’ ‘बुस’सारखं. हे फक्त कल सांगतात. सिडनीचा प्रत्येक माणूस ‘आइट’ म्हणत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ची. आपण दोन्हींत पहिल्या अक्षरावर जोर देतो, म्हणून तुमचा आकडा समोरच्यालाही चुकीचा ऐकू जातो. ‘थर्टीन’ म्हणताना ‘टीन’ दाबा आणि लांबवा. अमेरिकन माणसाकडून ऐकताना ‘ट’कडे लक्ष द्या: त्याचं ‘थर्टी’ ‘थर्डी’ होतं, पण ‘थर्टीन’मधला ‘ट’ स्वच्छ राहतो. तरी शंका असेल तर तोच शब्द परत म्हणून खात्री होत नाही. अंक सुटे करून विचारा, ‘वन-थ्री ऑर थ्री-झीरो?’ ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन ग्राहक ‘डबल फोर’ सहज म्हणतात, अमेरिकन माणसाला ते खटकतं, त्याच्याशी बोलताना ‘फोर-फोर’ म्हणा. ऑस्ट्रेलियन माणसाचं ‘ए’ हे अक्षर आपल्याला ‘आय’ ऐकू येऊ शकतं, तेव्हा ‘अल्फा की इंडिया’ (अल्फाचा ‘ए’ की इंडियाचा ‘आय’) असं विचारून घ्या. ‘कॅन’ आणि ‘कॅन्ट’चा घोळ अमेरिकन फोनवर फार होतो, कारण शेवटचा ‘ट’ ऐकूच येत नाही. स्वतः कायम ‘कॅनॉट’ म्हणा.

स्वतःच्या उच्चारात अमेरिकन ढब आणण्याचा खटाटोप करू नका. ती दोन वाक्यांत सुटते आणि बोलणं खोटं वाटतं. सुधारायच्या गोष्टी मोजक्याच आहेत. ‘पिन’, ‘टेन’, ‘कार्ड’ यांचा पहिला वर्ण आपण हवा न सोडता म्हणतो, त्यामुळे त्यांना ‘पिन’ऐवजी ‘बिन’ ऐकू येतं. कागदाची बोटभर रुंदीची पट्टी तोंडासमोर धरा आणि ‘पिन’ म्हणा. पट्टी हलली पाहिजे. मात्र ‘स्टेशन’, ‘स्कूल’मध्ये ‘स’नंतर हवा सोडायची नाही. ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’चा फरक ओठांत आहे: पहिल्यात ओठ गोल, दात कुठेच लागत नाहीत, दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. आपल्या ‘व’मध्ये दोन्ही मिसळलेले असल्यामुळे हा सराव मुद्दाम, आरशासमोर करावा लागतो.

कान तयार करायला हवामानाच्या बातम्या उत्तम, कारण त्या आकड्यांनी भरलेल्या असतात. ठाणे ते ऐरोली लोकलमध्ये रेडिओ न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियाचं एबीसी किंवा बीबीसी रेडिओ स्कॉटलंड लावा. एका आठवड्यात एकच देश. ऐकलेलं तापमान लगेच मोबाइलमध्ये टिपा, मग त्या दिवसाचा अंदाज वेबसाइटवर पाहून ताडा. चुकलेला आकडा कोणत्या स्वरामुळे चुकला ते शेजारी लिहा: ‘सिक्स, अ’, ‘टेन, इ’. पाच-सहा नोंदी झाल्या की तुमचा कान नेमका कुठल्या स्वरावर अडतो ते दिसतं, आणि पुढचा सराव तेवढ्याच स्वरावर करायचा.