पाया -२ शिकताय? भागाकारातल्या बाकीचं उणे चिन्ह पुसू नका

द्विमान पद्धती तुम्हाला येतेच. पाया २ ऐवजी -२ घेतला की स्थानांच्या किमती १, -२, ४, -८, १६ अशा होतात. अंक मात्र ० आणि १ हेच. ११०१ म्हणजे -८+४+१, अर्थात -३. उणे चिन्ह लिहावंच लागत नाही. एवढं कळल्यावर मला वाटलं, झालं की! पुढचे चार दिवस एका बाकीपायी गेले.

रीत नेहमीचीच: पायाने भागत जा, बाक्या खालून वर वाचा. मी प्रोग्राम लिहून ४, ५, १६, २० तपासले. सगळे बरोबर. यांच्या वाटेत ऋण विषम संख्या येतच नाही, हे तेव्हा कुठे माहीत! मग ६ घातला. ६ ला -२ ने भागून -३ आले, बाकी ०. सी किंवा जावा या प्रोग्रामिंग भाषांमध्ये -३ ला पुन्हा -२ ने भागलं की भागाकार १ आणि बाकी -१ मिळते. -१ हा तर अंकच नाही. मी सरळ उणे पुसून १ लिहिला. उत्तर आलं ११०. ते ४-२, म्हणजे २ आहे, हे बघायला मला चार दिवस लागले.

बाकीत २ मिळवलेत तर भागाकारातही १ मिळवायचा. पुन्हा सांगतो, कारण मला दोनदा सांगूनही शिरलं नव्हतं. -३ = (-२)×१ + (-१). बाकी -१ ची १ केली, की उजवी बाजू २ ने फुगली. ती उतरवायला -२ आणखी एकदा घ्यावा लागतो: (-२)×२ + १. आता भागाकार २. त्याला भागून -१, बाकी ०. -१ ला भागताना तीच दुरुस्ती: भागाकार १, बाकी १. उरलेल्या १ चा भागाकार ०, बाकी १. झाले ११०१. शेवटी ६ ला भागताना आलेली बाकी ० जोडा: ११०१०, म्हणजे १६-८-२. पायथनवाल्यांनी हसू नये. तिथे बाकी भाजकाचं चिन्ह घेते, त्यामुळे साध्या ३ लाही -१ बाकी येते.

एका जाणत्याने मला पहिल्याच दिवशी सूत्र दिलं होतं: द्विमानातल्या संख्येत १०१०...१० हा मास्क, म्हणजे अंकांचा ठरावीक साचा, मिळवा, मग त्याच मास्कशी एक्सॉर करा (अंक वेगळे तिथे १, सारखे तिथे ०). चालतं. का चालतं विचारलं तर 'चालतंय ना?' असा मार्गदर्शक नसलेला बरा. मास्कमधले १ नेमके ऋण किमतीच्या स्थानांवर असतात, एवढं तरी सांगायचं.

घाबरू नका, ही पद्धत प्रेमळही आहे. अंक मोजून विषम भरले तर संख्या धन, सम भरले तर ऋण (शून्य सोडून). -२ ला ३ ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणून अंकांची बेरीज आणि संख्या यांची ३ ने भागून येणारी बाकी एकच. माझ्या ११० ची बेरीज २; ६ ला ३ ने भाग जातो. तिथेच पकडलो गेलो असतो! चूक ३ च्या पटीत असली तर मात्र निसटते.

हा निव्वळ खेळ नव्हे. गणितज्ञ व्हित्तोरिओ ग्रुनवाल्ड यांनी १८८५ मध्ये ऋण पाया मांडला आणि पोलंडमध्ये १९५७-५९ दरम्यान बिनेग हा संगणक -२ वरच बांधला गेला.

बेरजेत १+१ = ११०, म्हणून हातचा ११ धरण्याचा मोह होतो. ११ मध्ये १ मिळवून बघा, म्हणजे -१+१: हातचे संपतच नाहीत. हातचा -१ धरा; पुढच्या स्थानी १-१ = ० होतं आणि बेरीज थांबते.